बॅटरीचा जोड निवडताना



हातात काम असेल तर ते चालू राहू द्या, तांदूळ निवडत ऐकलंत तरी चालेल. आज मात्र बोलण्यात काही आकडे येणार आहेत. म्हणून गटातल्या एकीने तरी वही-पेन जवळ घ्या आणि पुढच्या बैठकीत बाकीच्यांना वाचून दाखवा.

गेल्या काही वर्षांत आपल्या गटांकडे बॅटरीवरच्या वस्तू किती वाढल्या, ते बघा. पाठीवरचा फवारणी पंप आहे, गोठ्यातला सौर दिवा आहे, शिलाई मशीनसाठी छोटा इन्व्हर्टर आहे, लग्नाकार्याला भाड्याने द्यायची दिव्यांची पेटी आहे. काही गटांतल्या मुली तर अशा पेट्या घरीच जोडायला शिकल्या आहेत. बॅटरी कोणती घ्यायची यावर आपण दोन-दोन बैठका बोलतो. तीन दुकानांत भाव विचारतो, वॉरंटीचं कार्ड जपून ठेवतो. पण बॅटरी आणि वस्तू यांच्यामध्ये जो जोड असतो, ज्याला कुणी पिन म्हणतं, कुणी जॅक, कुणी कनेक्टर, तो मात्र दुकानदार हातावर ठेवेल तो घेऊन येतो. आज त्या जोडाबद्दलच बोलू.

आम्ही ज्या गटांच्या बैठकांना जातो, त्यातल्या एका गटाची गोष्ट सांगतो. त्यांनी कर्ज काढून १२ व्होल्टची मोठी बॅटरी घेतली आणि दिव्यांची पेटी केली. एकेक दिवा १२ वॉटचा, असे ८ दिवे. पेटी एका हळदीच्या कार्यक्रमाला भाड्याने गेली. तासाभराने दिवे मंद झाले, मग लुकलुकायला लागले, आणि शेवटी जळकट वास सुटला. बघतात तो पेटीचं गोल भोक वितळून पिनेला चिकटलेलं. पेटीच्या शेजारीच कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं, "बॅटरी खराब लागली", "बायकांना कुठे जमतात असली कामं". बॅटरी कमी किमतीत विकून टाकावी, इथपर्यंत गोष्ट आली. त्या गटातल्या एका ताईंची लेक आयटीआयमध्ये वायरमनचं शिकते. तिने मीटर लावून पाहिलं. बॅटरी अगदी ठणठणीत होती. दिवेही चांगले होते. वाया गेला होता तो फक्त काही रुपयांचा जोड. तो बदलला, आणि तीच बॅटरी, तेच दिवे आजही भाड्याने जातात. एवढ्याशा वस्तूपायी गटाची बॅटरी जाणार होती, भाडं जाणार होतं आणि गटाचं नावही.

हे असं का झालं, ते समजून घेऊ.

घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि बॅटरीचा १२. समजा, शेतातून धान्य घरी आणायचंय. मोठ्या पोत्यात भरलं तर एका खेपेत काम होतं. लहान टोपलीत भरलं तर पुष्कळ खेपा घालाव्या लागतात. व्होल्ट म्हणजे भांड्याचा आकार आणि अँपिअर म्हणजे खेपा, असं धरा. १२ व्होल्टची टोपली लहान आहे, म्हणून जे काम घरच्या विजेवर एका खेपेत होतं, त्याला इथे १९ खेपा लागतात. आणि या सगळ्या खेपा एकाच दारातून जातात. ते दार म्हणजे आपला जोड. दार अरुंद असलं की गर्दी होते, आणि विजेची गर्दी म्हणजे उष्णता.

हिशेब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॉटला १२ ने भागा, म्हणजे अँपिअर मिळतात. मघाच्या पेटीत ८ दिवे गुणिले १२ वॉट म्हणजे ९६ वॉट. भागिले १२, म्हणजे ८ अँपिअर. फवारणी पंपाची मोटर साधारण २ ते ४ अँपिअर घेते. ३०० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला तर २५ अँपिअर होतात, आणि त्याची स्वतःची घट धरली तर ३० च्या घरात जातात.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अँपिअर दुप्पट झाले की जोडातली उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. म्हणून ४ दिव्यांवर वर्षभर नीट चाललेला जोड ८ दिवे लावले की एका रात्रीत वितळू शकतो. "आजवर तर चालत होतं" हे जोडाच्या बाबतीत खरं धरता येत नाही.

आता दुकानात जे जोड मिळतात, ते एकेक करून पाहू.

पहिला, गोल पिनेचा जॅक. वायफायच्या डब्याला, सीसीटीव्हीला, छोट्या चार्जरला असतो तो. तो २-३ अँपिअरपर्यंतच बरा. चांगल्या प्रतीचा असला तर ५, त्याच्या पुढे नाही. त्यात दोन मापं येतात. बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटर, पण आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. बाहेरून ओळखू येत नाहीत. चुकीचं माप बसवलं की ते सैल बसतं, आणि सैल जोड तापतो. एका दिव्याला किंवा मोबाइल चार्ज करायला हा जॅक चालेल, अख्ख्या पेटीला नाही.

दुसरा, दातेरी चिमटे. गाडीची बॅटरी चार्ज करताना लावतात ते. थोडा वेळ तपासायला, चार्जिंगला ठीक. पण कायमचा जोड म्हणून नको. धक्का लागला की सुटतात, आणि लाल-काळा एकमेकांना टेकले की मोठी ठिणगी पडते.

तिसरा, पिवळ्या रंगाचा एक्सटी जोड. रिमोटवर विमानं उडवण्याचा छंद असलेल्या लोकांनी हा जगभर नेला आणि आता तो इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. एक्सटी-३०, एक्सटी-६० आणि एक्सटी-९० अशी त्याची मापं आहेत. नावातला आकडा थोड्या वेळाच्या भाराचा असतो. तासन्‌तास चालवायचं असेल तर निम्मा धरा. म्हणजे एक्सटी-६० वर सतत ३० अँपिअर. याची एक बाजू चौकोनी आणि दुसरी तिरकी कापलेली असते, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. अंधारात, घाईत, चष्मा नसताना लावला तरी लाल जागी लाल आणि काळ्या जागी काळीच जाते. आपल्या पेट्यांसाठी हा फार सोयीचा. मात्र त्याला वायर सोल्डर करावी लागते.

चौथा, अँडरसन जातीचा जोड. हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना हॅम म्हणतात, ते आपल्या १२ व्होल्टच्या रेडिओला याचा लहान प्रकार वापरतात. त्याला पॉवरपोल म्हणतात. यात नर-मादी असा भेद नाही, दोन्ही बाजू सारख्याच, कोणतीही कोणत्याहीला लागते. पूर-वादळात मदतीला जायचं आणि एकाची बॅटरी दुसऱ्याच्या रेडिओला लावायची, तर ही सोय मोलाची ठरते. बाहेरचं प्लास्टिक एकच असतं, पण आतली पट्टी १५, ३० किंवा ४५ अँपिअरची येते. म्हणून घेताना आतली पट्टी कितीची, हे विचारा. याचाच मोठा भाऊ एसबी-५०, तो ५० अँपिअरचा. ई-रिक्षाच्या बॅटरीला असा जोड तुम्ही पाहिला असेल. इन्व्हर्टरसारख्या जड भाराला तो उत्तम.

पाचवा, एमसी-४. हा काळा, लांबट, टक्‌ आवाज करून बसणारा जोड सौर पॅनलला असतो. ऊन-पाऊस सोसतो, पण तो पॅनलच्या बाजूलाच ठेवा. रोज काढ-घाल करण्यासाठी तो केलेला नाही.

मग निवडायचा कसा? आपला भार किती अँपिअरचा ते काढा आणि सतत चालण्याची ताकद त्याच्या दीडपट ते दुप्पट असेल असा जोड घ्या. ८ अँपिअरच्या पेटीला १५ चा जोड पुरेल. ३० चा घेतला तर पुढे दिवे वाढवता येतील.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. बॅटरीच्या कोणत्याही वस्तूला घरच्या विजेची दोन पिनांची किंवा तीन पिनांची पिन लावू नका. पुष्कळ गावांत असं केलेलं दिसतं, कारण ती पिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि भरही सोसते. पण घरात पाहुणा येतो, लहान मूल येतं, आणि १२ व्होल्टच्या दिव्याची पिन भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालतं. वस्तू तर फुटतेच, माणसाच्याही जिवावर बेततं. शिवाय दोन पिनांची पिन उलटसुलट कशीही बसते, म्हणजे प्लसच्या जागी मायनस जातं. ज्या घरात अशी पिन असेल, त्यांनी ती याच आठवड्यात बदलून घ्यावी. बॅटरीचा जोड असा हवा, की तो भिंतीच्या सॉकेटमध्ये जाऊच शकणार नाही.

दुसरी काळजी बॅटरीच्या बाजूची. जोडाच्या दोन भागांपैकी ज्याचा धातू आत लपलेला आहे, तो भाग बॅटरीकडे ठेवा. उघड्या पिनांचा भाग वस्तूकडे. कारण वस्तू सोडवली की तिच्या पिनांत वीज राहत नाही, बॅटरीच्या बाजूला मात्र ती कायम असते. १२ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, म्हणून आपण बेफिकीर राहतो. पण बॅटरीच्या दोन टोकांना धातू आडवा लागला तर त्यातून शेकडो अँपिअर धावतात आणि तो धातू लालभडक होतो. आपल्या हातात पाटल्या असतात, बोटात अंगठी असते, वाकलं की मंगळसूत्र पुढे येतं. म्हणून बॅटरीचं काम करताना हातातलं काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात किंवा ब्लाउजच्या आत घ्या, आणि टोकांवर रबरी टोप्या लावा.

तिसरी काळजी फ्यूजची. बॅटरीच्या लाल टोकापासून एक वीतभर अंतराच्या आत फ्यूज असायलाच हवा. गाडीला असतात ते पात्याचे फ्यूज स्वस्त आणि चांगले. त्यांचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूजचा आकडा भारापेक्षा थोडा जास्त, पण वायर आणि जोड यांच्या ताकदीपेक्षा कमी हवा. आपल्या ८ अँपिअरच्या पेटीला १० चा लाल फ्यूज योग्य. फ्यूज उडाला तर का उडाला ते आधी शोधा. त्याच्या जागी तार किंवा चमकी कागद घालू नका, नाहीतर फ्यूजऐवजी पेटी जळेल.

वायरचंही थोडं सांगतो. जोड मोठा घेतला आणि वायर बारीक ठेवली, तर उपयोग नाही. पेटी मांडवापासून ५ मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १० अँपिअर नेले, तर जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच संपतात. १२ निघाले आणि १० पोचले, मग दिवे मंद दिसणारच. तीच वायर अडीचची घेतली तर पाऊण व्होल्टच्या आसपास जातो, आणि ४ ची घेतली तर अर्धा. म्हणून बॅटरी होईल तेवढी दिव्यांजवळ ठेवा आणि वायर जाड घ्या. घेताना तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची वायरही बाजारात असते. ती हाताला हलकी लागते, आणि टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते.

आता जोड बसवण्याबद्दल. एक्सटी-६० सोल्डर करताना त्याचा दुसरा भाग त्यात घालून ठेवा. प्लास्टिक गरम होऊन मऊ पडलं तरी पिना जागच्या हलत नाहीत. राळ असलेली सोल्डर वापरा. पत्र्याच्या डब्यांना डाग देताना आम्लाचं पाणी वापरतात, ते इथे नको. त्याने वायर आतून कुजते. काम करताना दुसरं टोक बॅटरीला जोडलेलं नसावं. खिडकी उघडी असावी, लहान मुलं जवळ नसावीत, आणि झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. अँडरसन आणि एमसी-४ यांच्या पट्ट्या त्यांच्या खास पकडीनेच दाबायच्या. दाताने किंवा साध्या पकडीने चेपलेला जोड वरून घट्ट दिसतो आणि आतून सैल असतो. अशी पकड एका गटाला महाग पडेल. ग्रामसंघाने एक घेतली तर सगळ्यांना पुरते.

बसवून झालं की परीक्षा घ्या. सगळा भार लावून अर्धा तास चालवा. मग बंद करा आणि जोडाच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट लागला तर चालेल. बोट ठेववत नसेल, तर तो जोड वापरू नका. मीटर असेल तर आणखी पक्कं कळतं. १० अँपिअर चालू असताना जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच वायरीवर, मीटरची टोकं लावा. दहावा भाग व्होल्ट, म्हणजे ०.१ पेक्षा जास्त दिसला, तर जोड सैल आहे किंवा गंजला आहे. फवारणीच्या पंपावर औषध सांडतं, कोकणात खारी हवा असते, त्याने पिना हिरव्या पडतात. महिन्यातून एकदा बॅटरी सोडवून कोरड्या फडक्याने पिना पुसा.

सौर पॅनलवाल्या मैत्रिणींसाठी एक सूचना. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथली ठिणगी लवकर विझते. बॅटरीचा आणि पॅनलचा प्रवाह असा थांबत नाही, त्यामुळे ठिणगी लांबते आणि जोड जाळते. १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनलही मोकळं असताना उन्हात २१-२२ व्होल्ट देतं. म्हणून भर उन्हात, भार चालू असताना एमसी-४ ओढू नका. आधी भार बंद करा, पॅनल गोधडीने झाका, मग सोडवा. आणि शेतातल्या सौर पंपाच्या पॅनलच्या रांगेत तर शेकडो व्होल्ट असू शकतात. तिथे आपण हात घालायचा नाही, माहितगार माणसालाच बोलवायचं.

आता गटाने काय करायचं? आमचं सांगणं असं, की पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव लिहा. आपल्या गटाच्या सगळ्या बॅटरीच्या वस्तूंना एकच जातीचा जोड राहील. एकीची बॅटरी दुसरीच्या पेटीला लागेल. रात्री गाय व्यायला झाली आणि एका घरची बॅटरी उतरली, तर शेजारची आणून लावता येईल. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, धातू लपलेला भाग बॅटरीकडे, हे त्याच ठरावात लिहा. प्रत्येक पेटीवर पट्टी चिकटवा, किती व्होल्ट, किती अँपिअर, कितीचा फ्यूज. पेटी भाड्याने नेणाऱ्यालाही ती वाचून दाखवा आणि त्यापेक्षा जास्त दिवे लावायचे नाहीत, हे भाड्याच्या पावतीवर लिहून घ्या.

आणि दुकानात जाताना चिठ्ठी घेऊन जा. "भाऊ, एक पिन द्या" असं म्हणू नका. असं म्हणा, "भाऊ, १२ व्होल्टला सतत ३० अँपिअर सोसेल असा जोड हवा, दोन्ही भाग द्या, आणि त्याला लागणारी अडीचची तांब्याची वायर." दुकानदार एकदा वर बघेल. मग तो हवी ती वस्तू काढून देईल, कारण विचारणारीला माहीत आहे, हे त्याला कळलेलं असेल. आपल्या पैशाची वस्तू आहे, तेव्हा आकडा विचारण्यात संकोच कशाला?

लिहून घेतलेलं एकदा ताडून बघा. वॉटला १२ ने भागून अँपिअर काढायचे. त्याच्या दीडपट ते दुप्पट ताकदीचा, उलटा न बसणारा जोड घ्यायचा. घरच्या विजेची पिन बॅटरीला लावायची नाही. बॅटरीजवळ फ्यूज ठेवायचा. वायर जाड आणि तांब्याची. अर्धा तास चालवून, बंद करून, बोट लावून बघायचं.

तुमच्या पेटीचे वॉट किती, जोड कोणता, हे कागदावर लिहून गटाच्या अध्यक्षांकडे द्या. आम्ही पुढच्या महिन्यात गावोगावी येऊ तेव्हा सोबत मीटर आणू, आणि तुमच्यासमोर एकेक पेटी तपासू.

तोवर नमस्कार.